मुलाच्या हृदयाचा ठोका चुकतो तेव्हा : काय पाहायचं, काय लिहून ठेवायचं, कधी धावायचं

सर्दी-खोकल्यासाठी मुलाला दवाखान्यात न्यावं, डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ ऐकावं आणि मग म्हणावं, "ठोके थोडे अनियमित वाटतात, एक ईसीजी काढून घेऊ." एवढ्या एका वाक्यानं आईवडील अर्धमेले होतात. मूल मात्र तपासणीच्या टेबलावरून उडी मारून खाली उतरलेलंही असतं.

अशा मुलांपैकी बहुतेकांच्या हृदयात काहीच बिघाड नसतो. उरलेल्यांपैकी काहींना साधे उपचार पुरतात आणि अगदी थोड्यांना वेळीच ओळखणं अत्यावश्यक असतं. हे तीन गट वेगळे कसे करायचे? ठोका किती वेळा चुकतो, याला पालक फार महत्त्व देतात. तज्ज्ञांचं लक्ष मात्र तो केव्हा चुकतो याकडे असतं. मूल झोपलेलं होतं की धावत होतं, धडधड हळूहळू वाढली की एकदम सुरू झाली, चक्कर येण्याआधी काही जाणवलं की धावता धावता धाडकन पडलं? हे बहुतेकदा घरी, शाळेत किंवा मैदानावर घडतं, डॉक्टरांसमोर क्वचितच. म्हणून निदानाचं अर्धं काम पालकांच्या निरीक्षणावर अवलंबून असतं. ते नीट कसं करायचं, यासाठी हा लेख.

हा लेख एरवी ठणठणीत असलेल्या मुलांबद्दल आहे. जन्मजात हृदयदोष असलेल्या किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना यातलं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. त्यांनी आपल्या बालहृदयरोगतज्ज्ञांचंच ऐकावं.

सुरुवात नाडीपासून

आधी नाडी मोजायला शिका, आणि मूल बरं असताना शिका. घाबरलेल्या अवस्थेत पहिल्यांदा मोजायला गेलात तर स्वतःच्याच बोटातले ठोके मोजाल.

मोठ्या मुलाची नाडी मनगटाला, अंगठ्याच्या मुळाशी मिळते. तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा, अंगठा वापरू नका, कारण त्याला स्वतःची नाडी असते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या मनगटाला नाडी लागणं कठीण, म्हणून दंडाच्या आतल्या बाजूला, कोपर आणि काखेच्या मधोमध बोटं ठेवा, किंवा सरळ छातीच्या डाव्या बाजूला कान लावा. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारनं गुणायची सवय मोठ्यांसाठी ठीक आहे. ठोका अनियमित असेल तर तो हिशेब फसवतो.

जागेपणी, शांत बसलेलं असताना साधारण असे आकडे दिसतात : वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला १०० ते १८०, दोन-तीन वर्षांच्या मुलाचे १०० ते १४०, शाळेत जाण्याआधीच्या वयात ८० ते १२०, प्राथमिक शाळेच्या वयात ७५ ते ११८, आणि किशोरवयात ६० ते १००. झोपेत हे सगळेच आकडे खाली येतात. नियमित व्यायाम करणाऱ्या किशोरवयीन मुलाचे ठोके झोपेत ५० च्या खाली गेले तरी त्यात आजार असेलच असं नाही. ताप आला की दर एका अंश सेल्सिअसला ठोके साधारण दहानं वाढतात. त्यामुळे तापात फणफणलेल्या मुलाची नाडी मोजून "एवढी कशी?" म्हणत बसू नका. आधी ताप उतरवा, मग मोजा.

शांत झोपेतली आणि सकाळी उठल्यावरची नाडी दोन-तीन दिवस लिहून ठेवली की आपल्या मुलाचा नेहमीचा आकडा कळतो. तेवढं पुरे. रोज उठून मनगट धरायची गरज नाही, त्यानं मूलच घाबरायला लागतं.

श्वासाबरोबर बदलणारा ठोका

मुलांमधल्या अनियमिततेचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. श्वास आत घेताना ठोके जलद होतात, सोडताना मंदावतात. वेगस नावाची नस (मज्जातंतू) हृदयाला सावकाश चालवत असते. श्वास घेताना तिचा लगाम जरा सैल होतो, सोडताना पुन्हा आवळतो. याला सायनस ॲरिदमिया म्हणतात. नाव आजाराचं वाटलं तरी हे निरोगी हृदयाचं लक्षण आहे.

हे घरी पाहता येतं. मूल गाढ झोपलेलं असताना एक हात त्याच्या पोटावर ठेवा आणि दुसऱ्या हातानं नाडी धरा. पोट वर येतं तेव्हा ठोके जवळजवळ पडतात, पोट खाली जातं तेव्हा लांबतात. दोन-तीन मिनिटं लक्ष दिलं की ती लय हाताला स्पष्ट कळते. मूल जागं असेल तर त्याला जागच्या जागी मिनिटभर उड्या मारायला सांगा आणि लगेच नाडी पाहा. ठोके जलद झाले की हा चढउतार जवळपास नाहीसा होतो. अनियमितता श्वासाशी बांधलेली असेल, मूल खेळतं-खातं असेल आणि चक्कर, बेशुद्धी, धाप असं काही नसेल, तर डॉक्टर एक ईसीजी काढून बहुधा तिथेच विषय संपवतात.

मधेच सुटणारा ठोका

नाडी धरली असताना ठोके सरळ चालतात, मग एक ठोका गायब होतो, थोडी रिकामी जागा जाते आणि पुढचा ठोका जोरात लागतो. मुलं याचं वर्णन आपापल्या भाषेत करतात : "छातीत काहीतरी उडालं", "धप्प झालं", "गळ्याशी अडकल्यासारखं झालं".

प्रत्यक्षात ठोका गायब झालेला नसतो, तो लवकर पडलेला असतो. हृदयाच्या वरच्या किंवा खालच्या कप्प्यातली एखादी जागा वेळेआधीच विजेचा संदेश सोडते. त्या वेळी हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका मनगटापर्यंत पोचत नाही. त्यानंतर विश्रांती जरा लांबते, हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकट पडतो. मुलाला जाणवतो तो हा दुसरा ठोका. वरच्या कप्प्यातून येणाऱ्या अशा ठोक्यांना पीएसी किंवा एपीसी आणि खालच्या कप्प्यातून येणाऱ्यांना पीव्हीसी किंवा व्हीपीसी म्हणतात; अहवालात ही अक्षरं दिसली तर एवढंच समजायचं.

नवजात बाळात वरच्या कप्प्याचे आगंतुक ठोके बऱ्यापैकी दिसतात आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप थांबतात. मोठ्या मुलात खालच्या कप्प्याचे ठोके दिसले तर तीन प्रश्न विचारले जातात. व्यायामानं ते कमी होतात की वाढतात? सगळे एकाच आकाराचे आहेत का, म्हणजे एकाच जागेहून येतात का? आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, रचना आणि ताकद नीट आहे का? धावल्यावर नाहीसे होणारे, एकाच आकाराचे, नीट हृदयातले ठोके सहसा त्रास देत नाहीत. व्यायामानं वाढणारे ठोके मात्र गांभीर्यानं घ्यावे लागतात, त्याचं कारण पुढे येईल. दिवसभराच्या एकूण ठोक्यांपैकी दहा टक्क्यांहून जास्त असे असतील तर हृदयाची ताकद टिकून आहे ना, हे पाहण्यासाठी ठराविक काळानं इको करत राहतात.

अपुरी झोप, एनर्जी ड्रिंक, सर्दीच्या औषधांतलं स्युडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन, दम्याचा साल्ब्युटामॉल पंप यांनी धडधड वाढू शकते. दम्याचा पंप स्वतःच्या मनानं बंद करू नका, दम्याचा झटका या धडधडीपेक्षा कितीतरी घातक असतो. एनर्जी ड्रिंक मात्र आजच बंद करा, त्यासाठी कुणाला विचारायची गरज नाही.

एकदम सुरू, एकदम बंद

इथे जरा थांबायला हवं. एरवी निरोगी मुलांमध्ये उपचार लागणारा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हा आहे : सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, थोडक्यात एसव्हीटी. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेला जायला एकच वाट असते. काही मुलांमध्ये जन्मतः आणखी एक वाट असते. मग संदेश एका वाटेनं खाली जातो आणि दुसरीनं वर येऊन गोल फिरत बसतो. मोठ्या मुलात ठोके १८० च्या वर जातात, तान्ह्या बाळात २२० च्या वर.

भीतीनं, तापानं किंवा धावण्यानं होणारी धडधड चढत जाते आणि ओसरत जाते. एसव्हीटी दिव्याचं बटण दाबावं तशी सुरू होते आणि तशीच बंद होते. मूल जेवत किंवा गृहपाठ करत बसलेलं असतं आणि अचानक छातीवर हात ठेवतं. नाडी इतकी जलद असते की मोजताच येत नाही. "मोजता आली नाही" हीसुद्धा मोलाची माहिती आहे, ती तशीच लिहा. मानेच्या खालच्या खळगीत फडफड दिसते, कधी शर्टाची घडीही हलताना दिसते. वेग आकड्यात फारसा बदलत नाही. भीतीच्या धडधडीत मूल रडलं की आकडा वाढतो आणि कुशीत घेतलं की उतरतो. एसव्हीटीत तो खिळल्यासारखा तिथेच राहतो.

तान्हं बाळ सांगू शकत नाही, म्हणून तिथे धोका जास्त. बाळ दूध ओढायला कंटाळतं, ओढता ओढता घामेजतं, किरकिर करतं, फिकट पडतं, श्वास जलद होतो. हा वेग एक-दोन दिवस सुटला नाही तर बाळाचं हृदय थकायला लागतं. 'पोटात दुखत असेल' म्हणून वाट पाहण्यात वेळ जातो. असं दिसलं की छातीला कान लावा. ठोके वेगळे ऐकूच येत नसतील, सलग घरघर ऐकू येत असेल, तर तडक रुग्णालय गाठा.

मोठ्या मुलाला झटका आला तर असं करा :

१. त्याला बसवा किंवा आडवं करा. वेळ पाहा आणि लिहा.
२. फोनवर व्हिडिओ घ्या. मानेची खळगी किंवा छाती चौकटीत घ्या आणि बोलून वेळ सांगा.
३. डॉक्टरांनी आधी शिकवलं असेल तर वेगसला चेतवणारी युक्ती करा. १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडातून, आतला दट्ट्या हलेल इतक्या जोरानं, १५ सेकंद फुंकायचं. लगेच सपाट झोपवून दोन्ही पाय वर उचलून आणखी १५ सेकंद धरायचे.
४. झटका थांबला तर थांबल्याची वेळ लिहा, आणि थांबताना एकदम थांबला का तेही.
५. शुद्ध हरपली, ओठ निळसर किंवा चेहरा पांढराफटक पडला, छातीत दुखतंय, श्वास लागतोय, किंवा वीसेक मिनिटांत थांबलं नाही, तर तातडीची रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. पहिलाच झटका असेल तर वीस मिनिटंही थांबू नका.

पाय वर करण्याची ही युक्ती २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मोठ्या माणसांवर तपासली गेली. नुसतं फुंकल्यानं १७ टक्के रुग्णांची लय परत आली, पाय उचलल्यावर ४३ टक्क्यांची. मुलांना सिरिंजचा खेळ आवडतो, म्हणून बरं असताना दोन-चार वेळा सराव करून घ्यावा. काही मुलांचा झटका भिंतीला पाय लावून उलटं उभं राहिल्यानंही सुटतो. तान्ह्यांसाठी बर्फ आणि पाण्याची पिशवी कपाळ आणि डोळ्यांवर काही सेकंद ठेवतात, नाक-तोंड मोकळं ठेवून. पण हे रुग्णालयात, किंवा त्यांनी समोर बसवून शिकवलं असेल तरच. डोळ्यांची बुबुळं दाबण्याचा जुना उपाय चुकूनही करू नका, त्यानं डोळ्याला इजा होते. मानेची शीर चोळणंही घरी नको.

झटका चालू असतानाच ईसीजी मिळाला तर निदान पक्कं होतं. म्हणून झटके लांबणारे असतील तर डॉक्टरांना विचारून ठेवा की त्या वेळी जवळचा ईसीजी कुठे काढून घ्यायचा. औषध देऊन झटका थांबवण्याआधी ईसीजीची पट्टी निघायला हवी, आणि ती पट्टी तुमच्याकडे जपून ठेवा. ती पुढे अनेक वर्षं उपयोगी पडते.

झटका नसतानाही काही मुलांच्या पट्टीवर ती जादा वाट दिसते. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून डब्ल्यूपीडब्ल्यू हे नाव. हजारात एक ते तीन जणांमध्ये ती आढळते. अनेकांना आयुष्यात कधी त्रास होत नाही, पण क्वचित ती वाट इतक्या वेगानं संदेश वाहते की जिवाला धोका होतो. त्यामुळे लक्षणं नसली तरी अशा मुलाला हृदयाच्या लयीच्या तज्ज्ञाला एकदा दाखवायलाच हवं. आणि डब्ल्यूपीडब्ल्यू आहे हे प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायचं, कारण डिगॉक्सिन आणि व्हेरापामिलसारखी लय सावरणारी औषधं इथे उलटू शकतात.

चक्कर, बेशुद्धी आणि 'फिट'

ठोक्यांबद्दल काहीच तक्रार न करणारं मूलही हृदयाच्या लयीमुळे पडू शकतं, म्हणून हा भाग वगळू नका.

मुलांच्या बेशुद्धीचं नेहमीचं कारण साधं असतं. प्रार्थनेच्या रांगेत बराच वेळ उभं राहणं, उपाशीपोट, उकाडा, रक्त किंवा सुई पाहणं. आधी मळमळतं, कान भरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा पांढरा पडतो आणि मग मूल खाली बसतं किंवा कोसळतं. आडवं केलं की मिनिटभरात शुद्ध येते. पाणी जास्त पिणं, जेवण न चुकवणं आणि अंधारी येताच खाली बसणं एवढ्यानं बहुतेकांचं भागतं. किशोरवयात उभं राहताच ठोके भरमसाट वाढण्याचा एक त्रासही असतो : उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ४० किंवा जास्त ठोके वाढतात, डोकं हलकं होतं. तो चिवट असतो, पण प्राणघातक नसतो.

खाली दिलेल्यांपैकी एकही गोष्ट असेल तर मात्र ती साधी चक्कर समजू नका :

– धावताना, पोहताना किंवा खेळाच्या ऐन भरात मूल पडलं. खेळ संपल्यावर उभं असताना पडणं निराळं.
– कसलीही पूर्वसूचना न देता धाडकन पडलं आणि हात पुढे न केल्यानं तोंडावर, हनुवटीवर लागलं.
– गजर, फोनची घंटा किंवा फटाका अशा अचानक आवाजानं, किंवा रागाच्या वा भीतीच्या झटक्यात बेशुद्ध पडलं.
– पडण्याच्या आधी छातीत जोरात धडधडलं.
– जवळच्या नातेवाइकांत कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं, बुडून मेलं पण त्याला पोहता येत होतं, किंवा पेसमेकर बसवला आहे.
– मुलाला जन्मतः ऐकू येत नाही आणि आता चक्कर येते.
– ताप किंवा उलट्या-जुलाबांच्या आजारानंतर आठवडाभरात धाप, कमालीचा थकवा आणि धडधड सुरू झाली. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. तिथे एक दिवसही थांबू नये.

या खुणांमागे ठरावीक आजार आहेत. लाँग क्यूटी सिंड्रोम, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागणं, साधारण दोन हजारांत एका बाळाला असतो. त्याच्या एका प्रकारात पोहणं आणि धावणं, दुसऱ्यात अचानक आवाज, तिसऱ्यात झोप हे निमित्त ठरतं. त्याचाच जन्मजात बहिरेपणासोबत येणारा प्रकार जेर्व्हेल आणि लँग-नील्सन यांनी १९५७ मध्ये नोंदवला. सीपीव्हीटी नावाचा दुसरा आजार जास्त कावेबाज : शांत पडलेल्या मुलाचा ईसीजी आणि इको दोन्ही अगदी नीट, पण धावायला लागलं किंवा घाबरलं की खालच्या कप्प्यातले ठोके एकामागून एक सुटतात. व्यायामानं वाढणारे ठोके गंभीर का धरतात, ते यावरून कळेल. आणि खेळताना बेशुद्ध पडलेल्या मुलाला "ईसीजी नॉर्मल आहे, काळजी नको" एवढ्यावर घरी पाठवलं जात असेल, तर ट्रेडमिल चाचणीचा, म्हणजे पट्ट्यावर चालता-धावताना काढायच्या ईसीजीचा, आग्रह धरा. इथे भिडस्तपणा उपयोगाचा नाही.

या आजारांतल्या बेशुद्धीत हातपाय झटकतात, कारण मेंदूला रक्त पोचत नाही. पाहणाऱ्याला ती आकडी वाटते आणि मूल फिटची औषधं घेत राहतं. तापाशिवाय पहिली फिट आली की एक ईसीजी काढून घ्यावा. स्वस्त, बिनसुईची, पाच मिनिटांची तपासणी आहे.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक प्रसंगाला एक परिच्छेद पुरे. उदाहरण म्हणून ही नोंद पाहा :

"मंगळवार, संध्याकाळी ६.१०. पुस्तक वाचत बसली होती. एकदम छातीत फडफड म्हणाली. नाडी मोजता आली नाही, फार जलद. चेहरा थोडा पांढरा, बोलत होती, शुद्धीत. सिरिंज दोनदा फुंकली, दुसऱ्यांदा पाय वर केल्यावर एकदम थांबलं, ६.१९. नंतर नाडी ९६. दुपारी सर्दीचं सिरप घेतलं होतं. व्हिडिओ आहे."

यात काय करत होती, सुरुवात आणि शेवट कसा, किती वेळ, रंग आणि शुद्ध, औषधं, सगळं आलं. "कधी कधी धडधड होते" या वाक्यातून डॉक्टरांना यातलं काहीच कळत नाही. जमलं तर दोन्ही बाजूंच्या घराण्यांतल्या अचानक मृत्यूंची यादीही जोडा. ही चौकशी वडीलधाऱ्यांकडे करावी लागते आणि तिथे लोक कचरतात, पण ती अनेकदा महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगते.

मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचं काय? वेग दाखवायला ठीक. पण बऱ्याच घड्याळांमधली ईसीजीची सोय २२ वर्षांखालच्यांसाठी मंजूर केलेली नाही, आणि हात हलला की ती काहीही सांगतात. झटक्याच्या वेळी काढलेली आलेखाची पट्टी डॉक्टरांना जरूर दाखवा; घड्याळानं दिलेल्या शेऱ्यावर मात्र रात्र जागून काढू नका.

तपासण्या आणि त्यांची भाषा

पहिली तपासणी बारा लीडचा, म्हणजे हृदयाची वीज बारा बाजूंनी पाहणारा, ईसीजी. यंत्र पट्टीच्या डोक्यावर आपोआप एक निदान छापतं, त्याकडे दुर्लक्ष करा. ते पुष्कळदा मोठ्या माणसांच्या मापानं मोजतं. लहान मुलांत छातीच्या उजव्या बाजूच्या लीडमध्ये टी लहर (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होतानाची लहर) उलटी असणं सामान्य असतं. यंत्र तिला 'विकृती' म्हणतं. क्यूटीचं अंतरही (खालच्या कप्प्यांतली वीज सुरू होऊन पूर्ववत होईपर्यंतचा वेळ) यंत्रानं चुकीचं मोजल्याची उदाहरणं भरपूर, विशेषतः श्वासाबरोबर ठोके बदलत असतील तर. ते माणसानं, हातानं मोजायला हवं.

झटके रोज येत असतील तर २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर वागवायचं ईसीजीचं छोटं यंत्र, लावतात. महिन्यातून एकदा येत असतील तर होल्टरच्या दिवशी काही घडण्याची शक्यता कमी. तिथे आठवडे-महिने सोबत राहणारं इव्हेंट मॉनिटर, फार क्वचित कातडीखाली बसवलेला लूप रेकॉर्डर. होल्टर लावलेला असताना मुलाला घरात बसवून ठेवू नका. नेहमीसारखं खेळू द्या, तेव्हाच तर तो काही पकडेल. अहवालात "झोपेत ठोके ४८", "छोटे विराम", "वेंकेबाख" (वरून खाली येणारा संदेश रेंगाळत जाऊन एखादा ठोका सुटणं) असे शब्द आले तर बिचकू नका. गाढ झोपेत निरोगी मुलांमध्येही ते दिसतात.

इको हृदयाची रचना आणि ताकद दाखवतो, लय दाखवत नाही. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाहतात, कारण रक्तक्षय आणि वाढलेला थायरॉइड ही सतत जलद नाडीची साधी कारणं आहेत.

उपचार

श्वासाबरोबरच्या बदलाला आणि सुटणाऱ्या बहुतेक ठोक्यांना उपचार नसतो. एसव्हीटीत झटके विरळ आणि छोटे असतील तर नुसती फुंकण्याची युक्ती पुरते. तान्ह्या बाळांना बहुधा प्रोप्रानोलॉलसारखं औषध देतात आणि अनेकांचा त्रास पहिल्या वर्षाच्या सुमारास थांबतो. प्रोप्रानोलॉल देताना एक गोष्ट घोकून ठेवा : ते दूध पाजतानाच द्यायचं. बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा, नाहीतर रक्तातली साखर घसरू शकते. दम्याच्या मुलांना हे औषध चालत नाही, तेव्हा दमा असेल तर आधीच सांगा. लाँग क्यूटी किंवा सीपीव्हीटीसाठी दिलेलं औषध मात्र स्वतःहून कधीही चुकवायचं नाही. तिथे उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं.

मोठ्या मुलांमध्ये ॲब्लेशन हा कायमचा उपाय. मांडीच्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेऊन ती जादा वाट उष्णतेनं किंवा गोठवून बंद करतात. अनुभवी केंद्रात बहुतेक प्रकारांत नव्वद टक्क्यांहून जास्त यश मिळतं. त्रास आटोक्यात असेल तर मूल निदान १५ किलोचं होईपर्यंत सहसा थांबतात, कारण त्याआधी धोका वाढतो. ती वाट हृदयाच्या मुख्य वाटेला चिकटून असेल तर धोका वेगळा. त्या केंद्राला त्यांचे स्वतःचे आकडे विचारा. विचारलेलं कुणाला आवडलं नाही तरी विचारा.

लाँग क्यूटी असलेल्या मुलाच्या घरी टाळायच्या औषधांची यादी फ्रिजवर चिकटवलेली असावी. ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, उलटीसाठीचं डॉमपेरिडोन आणि ऑनडॅनसेट्रॉन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल ही त्यातली रोजच्या वापरातली नावं. सर्दी-उलटीसाठी कुणीही सहज लिहून देईल अशीच आहेत. भावंडांचा आणि आईवडिलांचाही ईसीजी काढून घ्यावा, कारण हा आजार घराण्यात चालतो.

शाळा, मैदान आणि वाईट दिवस

निरुपद्रवी अनियमितता असलेल्या मुलाला खेळापासून दूर ठेवण्याचं कारण नाही. तरीही काही शाळा 'हृदयाचा त्रास' हे शब्द ऐकून मुलाला बाकावर बसवतात. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या : सर्व खेळ खेळू शकतो. एसव्हीटी असलेल्या मुलाच्या वर्गशिक्षकांना मात्र झटका कसा दिसतो, मुलाला बसू द्यायचं आणि कधी फोन करायचा, एवढं लेखी द्या. पोहताना आणि उंचावर चढताना नजर असावी. लाँग क्यूटी, सीपीव्हीटी किंवा खेळताना आलेली बेशुद्धी असेल, तर तज्ज्ञांनी हो म्हणेपर्यंत पोहणं आणि स्पर्धेचे खेळ बंद.

मूल कोसळलं, हाक मारून हलवून प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, तर ते हृदय थांबलंय असंच धरायचं. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. एकानं रुग्णवाहिकेला फोन करावा, दुसऱ्यानं छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर दाब द्यायला सुरुवात करावी : मिनिटाला १०० ते १२०, छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश आत जाईल इतका जोर, मोठ्या मुलात सुमारे ५ सेंटीमीटर, तान्ह्यात ४. एकटे असाल तर ३० दाबांमागे दोन श्वास. श्वास देता येत नसेल तर नुसते दाब. एईडी, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय सावरणारं यंत्र, जवळ असेल तर ते आणून चालू करायचं, पुढचं ते स्वतः बोलून सांगतं. छातीला चिकटवायच्या लहान मुलांच्या चकत्या नसतील तर मोठ्यांच्याच लावा, एक छातीवर आणि एक पाठीवर, एकमेकींना न चिकटवता. विजेच्या झटक्याची गरज नसेल तर यंत्र तो देत नाही, त्यामुळे लावायला घाबरू नये. चेंडू छातीवर आदळूनही निरोगी मुलाचं हृदय थांबू शकतं, म्हणून प्रत्येक मैदानावर हे यंत्र कुठे ठेवलंय ते सगळ्या प्रशिक्षकांना माहीत हवं. तुमच्या मुलाच्या शाळेत ते आहे का, त्याची बॅटरी आणि चकत्यांची मुदत कोण तपासतं, हे पुढच्या पालकसभेत विचारा.